मूल आणि मशीन व्याकरण कसं शिकतात: गोव्यातल्या घरी करून पाहण्याची रीत

ज्यांनी भाषाविज्ञान कधी शिकलेलं नाही आणि संगणकाचा प्रोग्रॅम कधी लिहिलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक वही, पेन, जुनं वर्तमानपत्र, चॅटजीपीटीसारखं गप्पांचं ॲप असलेला फोन (तेच आपलं 'मशीन') आणि गप्पा मारायला तयार असलेलं चार-पाच वर्षांचं मूल, एवढं सामान पुरतं. गोव्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला इथे एक जास्तीची सोय आहे. आपल्याकडे कित्येक घरांत बोलणं कोंकणीत चालतं आणि वाचन, नाटक, कीर्तन मराठीत. दोन जवळच्या भाषा एकाच कानात शिरतात तेव्हा व्याकरण शिकण्याची क्रिया उघडी पडते. एकाच भाषेत वाढलेल्या माणसाला ती सहजासहजी दिसत नाही.

सगळी रीत एका गोष्टीवर उभी आहे, ती आधी सांगते. बरोबर उत्तरावरून कोण कसं शिकला ते कळत नाही. पाठ केलेलं उत्तरही बरोबर असतं आणि समजून दिलेलंही. शिकण्याची पद्धत चुकांमध्ये दिसते, म्हणून या कामात आपण चुका जमवायच्या.

आधी एकच नियम निवडा

नवशिके पहिल्याच दिवशी 'मराठी व्याकरण' एवढा मोठा विषय हातात घेतात आणि आठवड्यात सोडून देतात. एकच नियम घ्या. मी सुचवते तो हा:

मी आंबा खाल्ला. मी चिंच खाल्ली. मी केळं खाल्लं.

खाणारी बाई असो की पुरुष, या तीन वाक्यांत फरक पडत नाही. क्रियापद कर्माचं लिंग घेतं. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणालो. तेच वर्तमानकाळात आणा: 'मी आंबा खातो', 'मी आंबा खाते'. आता क्रियापद कर्त्याच्या मागे गेलं. म्हणजे हा नियम वापरायचा तर काळ कोणता, कर्म कोणतं आणि त्याचं लिंग काय, हे तिन्ही एकदम ध्यानात ठेवावं लागतं. आपण ते विचार न करता करतो.

नियमाच्या कडाही बघून ठेवा, कारण खरी गंमत तिथेच आहे. 'तू चिंच खाल्लीस' यातली 'ली' चिंचेची आणि 'स' तुझा, म्हणजे एकाच क्रियापदावर दोघांची मोहोर. 'मी सीमाला पाहिलं' यात 'ला' लागला आणि सीमाचं लिंग गळून क्रियापद नपुंसकलिंगी झालं, तो भावे प्रयोग. आणि मग हट्टी अपवाद: 'मी नाव विसरले', 'मी कोंकणी शिकलो'. इथे कर्म असूनही क्रियापद कर्त्याचंच ऐकतं. 'पाणी पिणं' घेतलंत तर कुणी 'प्यालो' म्हणेल, कुणी 'प्यायलो', कुणी तिसरंच काही. मतभेद दिसला की तो वहीत उतरवा. तोही आपला माल आहे.

मोठ्या माणसांचा कान तपासा

मशीन आणि मूल यांच्याकडे जाण्याआधी मोठ्यांकडे जा. घरातल्या किंवा शेजारच्या तीन-चार जणांना वाक्यांच्या जोड्या वाचून दाखवा, एक नीट आणि एक बिघडवलेली. 'आईने भाकरी केली', 'आईने भाकरी केला'. विचारा फक्त एवढंच, की कानाला कुठलं बरं लागतं. 'का' हा प्रश्न शेवटपर्यंत राखून ठेवा. आधीच 'का' विचारलं की माणूस शाळेतलं पुस्तक आठवू लागतो आणि त्याचा कान बंद होतो.

सगळी उत्तरं झाल्यावर मग विचारा की असं का. बहुतेक जण म्हणतील, 'असंच म्हणतात.' आयुष्यभर बिनचूक वापरलेला नियम त्यांना सांगता येत नाही. सांगता न येणारं हे ज्ञान शब्दांत पकडणं महाकठीण काम आहे आणि त्याला आपल्याकडे थोर परंपरा आहे. पाणिनीने जवळजवळ ४,००० सूत्रांत संस्कृत बांधली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या लोकभाषेचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोलला छापलं गेलं आणि भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण मानलं जातं. मराठीत मोरो केशव दामले यांचं शास्त्रीय व्याकरण १९११ साली आलं. हे सगळे ग्रंथ मोठ्या माणसांच्या तोंडी तयार असलेल्या भाषेचं वर्णन करतात. त्यातलं एकही पान न वाचता मूल तीच भाषा मिळवतं, आणि आपला प्रश्न नेमका तोच आहे.

मुलाशी खोट्या शब्दांचा खेळ खेळा

मूल 'आंबा'चं अनेकवचन 'आंबे' म्हणालं तर त्याने ते कुठेतरी ऐकलेलंच असणार. नियम आला आहे की नाही हे कळायला कधीच न ऐकलेला शब्द हवा. ही युक्ती जीन बर्को यांनी १९५८ साली वापरली. एका काल्पनिक पक्ष्याचं चित्र काढून त्याला बनावट नाव दिलं आणि असे दोन झाले तर काय म्हणशील, असं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना विचारलं. मुलांनी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बिनदिक्कत केलं.

मराठीसाठी तीन प्राणी काढा, एकेका लिंगाचा: झिमरा, लुपी आणि टुमकं. चित्रं वेडीवाकडी चालतील. मग गप्पा: 'हा बघ झिमरा. आता आणखी एक आला. आता इथे दोन काय आहेत?' मूल 'झिमरे' म्हणतं का बघा. पुढे, 'ह्याला भूक लागलीय, खाऊ कुणाला देऊया?' इथे 'झिमऱ्याला' आलं तर मुलाला सामान्यरूपही, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दात होणारा बदलही, आलेलं आहे. 'झिमराला' आलं तर ते अजून वाटेवर आहे. 'लुपी'चं 'लुप्या' आणि 'टुमकं'चं 'टुमकी' होतं का तेही बघा. शेवटी आपला मूळ नियम: 'सीमाने काय केलं? लुपी...' असं म्हणून थांबा आणि चित्रात लुपी उचललेली दाखवा. 'उचलली' येतं की 'उचलला'?

खेळताना काही पथ्यं पाळा. आई-वडिलांना आधी विचारा. आवाज रेकॉर्ड करू नका, वही पुरते. मुलाला कंटाळा आला की तिथेच थांबा. आणि काही झालं तरी दुरुस्त करू नका. दुरुस्त केलंत की मूल तुमचा चेहरा वाचायला लागतं, भाषा बोलत नाही.

तसंही दुरुस्तीने फारसं काही होत नाही. रॉजर ब्राऊन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० मध्ये दाखवलं की आई-वडील मुलाचं व्याकरण क्वचितच सुधारतात. ते खरं-खोटं सुधारतात. मूल 'मी दूध सांडला' म्हणालं तर आपण लादी पुसायला धावतो. म्हणजे मुलाला चूक कोणती हे बहुधा सांगितलंच जात नाही, नुसती बरोबर वाक्यं कानांवर पडत राहतात. एवढ्यावर व्याकरण शिकता येतं का? १९६७ मध्ये ई. मार्क गोल्ड यांनी गणिताने सिद्ध केलं की निव्वळ बरोबर उदाहरणांवरून वाटेल ती भाषा ओळखता येणं शक्य नाही. यावरून एक पक्ष म्हणतो की मूल काही तयारी जन्मतःच घेऊन येतं. दुसरा पक्ष मुलाच्या मोजण्याच्या ताकदीकडे बोट दाखवतो. जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची अखंड साखळी फक्त दोन मिनिटं ऐकवली. कुठल्या अक्षरामागून कुठलं हमखास येतं एवढ्यावरून बाळांनी त्यातले 'शब्द' वेगळे काढले. मला हा वाद मिटलेला वाटत नाही. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं निघेल असं माझं मत आहे.

चुकांच्या वहीत सगळ्यात मोलाची नोंद 'करलं' या जातीची. लहान मूल आधी 'केलं' म्हणतं, कारण तसंच ऐकलेलं असतं. मग एक दिवस 'मी करलं' म्हणायला लागतं आणि घरच्यांना वाटतं की मागे पडलं. खरं तर ते पुढे गेलेलं असतं: 'बसलं', 'पडलं', 'धरलं' यांतला साचा त्याने ओळखला आणि जिथे तिथे लावला. काही महिन्यांनी 'केलं' परत येतं, यावेळी अपवाद म्हणून.

इथे गोव्यासाठी एक इशारा. मूल 'जालं' म्हणालं तर त्याची नोंद लगेच चूक म्हणून करू नका. कोंकणीत 'काम जालें' हे अगदी बरोबर आहे, आणि ते रूप आजीच्या तोंडून आलेलं असू शकतं. म्हणून वहीत प्रत्येक नोंदीपुढे घरी कोण कुठली भाषा बोलतं ते लिहा. दुसऱ्या भाषेचं बरोबर रूप आणि शिकताना पडलेली चूक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली तर मुलावर अन्याय होतो आणि आपली नोंदही वाया जाते.

वर्तमानपत्रावर हाताने मोजा

आता मशीनकडे वळू, पण फोन अजून बाजूला. मशीनचं काम आधी स्वतः हाताने करून बघा. १९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या पद्यकादंबरीतली २०,००० अक्षरं कागदावर मोजून स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं याचा हिशोब मांडला. आजच्या भाषायंत्रांची मुळं तिथवर जातात.

तुम्ही 'गोमन्तक' किंवा 'नवप्रभा'चा एखादा जुना अंक घ्या. बातम्यांतली भूतकाळातली क्रियापदं शोधा: केली, दिला, सांगितलं, घेतले. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: क्रियापदाच्या लगेच आधी कुठला शब्द आहे, आणि क्रियापदाने ज्याचं लिंग घेतलं ते नाम किती शब्द मागे आहे. पुष्कळ वाक्यांत ते नाम शेजारीच सापडेल, 'मागणी केली', 'निर्णय घेतला' असं. नुसत्या शेजारच्या शब्दावरून अंदाज बांधणारं यंत्रही इथे बरोबर ठरेल. काही वाक्यांत मात्र नाम आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरीच नामं शिरलेली दिसतील. ती वाक्यं वेगळी काढा, पुढच्या परीक्षेचा दारूगोळा तोच.

मशीनच्या आत काय चालतं

पूर्वी माणसं नियम लिहून मशीनला देत. आयआयटी कानपूरच्या 'अनुसारक' प्रकल्पाने तर पाणिनीय चौकटच वापरली होती. आजचं भाषामॉडेल, म्हणजे गप्पांच्या ॲपमागचा प्रोग्रॅम, तसं चालत नाही. त्याला लिंग, वचन, विभक्ती काहीच सांगितलेलं नसतं. मजकूर दिला जातो, आणि पुढचा तुकडा ओळखायला लावतात. अंदाज चुकला की आतल्या असंख्य आकड्यांत किंचित फेरफार होतो. परत पुढचा तुकडा, परत अंदाज.

'तुकडा' हा शब्द मुद्दाम वापरला. मशीन आपल्यासारखे शब्द वाचत नाही. संगणकाच्या दृष्टीने 'चिंच' म्हणजे च, वेलांटी, अनुस्वार, च अशी चार चिन्हं. वारंवार जोडीने येणारी चिन्हं चिकटवत चिकटवत मोठे तुकडे करतात. ही पद्धत मूळची १९९४ ची, फाइल लहान करण्यासाठी काढलेली, आणि २०१६ च्या सुमारास भाषांतरात आली. शिकवण्यातला बराचसा मजकूर इंग्रजी असेल तर इंग्रजी शब्द अख्खा राहतो आणि मराठी शब्दाचे मात्र बारीक तुकडे पडतात. 'पणजीतल्यांनाही' यासारख्या शब्दात आपण पणजी, त, ल्या, ना, ही असं सोडवतो. मशीनचे तुकडे या सांध्यांवरच पडतील याची खात्री नसते.

अशा अंदाजांतून व्याकरण उगवतं का? १९९० मध्ये जेफ एल्मन यांनी छोट्या, बनवलेल्या वाक्यांवर एक लहानसं जाळं (न्यूरल नेटवर्क, असेच आतले आकडे बदलत शिकणारा प्रोग्रॅम) शिकवलं. पुढचा शब्द ओळखता ओळखता त्या जाळ्याच्या आत नामं एकीकडे आणि क्रियापदं दुसरीकडे गोळा झाली, कुणी न सांगता. २०१६ मध्ये ताल लिंझेन आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी क्रियापद कर्त्याचं वचन घेतं का हे यंत्रावर तपासलं. साध्या वाक्यांत यंत्र छान चाललं, पण मध्ये फसवी नामं आली की चुका वाढल्या. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही रचना आली. तिच्यात प्रत्येक तुकडा आधीच्या सगळ्या तुकड्यांकडे बघतो आणि कोणाचं किती ऐकायचं ते ठरवतो. आपल्या वाक्यात 'खाल्ली' लिहिताना लांबच्या 'चिंच'कडे बघणं हे तेच काम.

फरक खुराकात आहे. २०२० चं जीपीटी-३ हे भाषामॉडेल सुमारे ३०,००० कोटी तुकड्यांवर शिकलं. मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत फार तर १० कोटी शब्द ऐकतं, असा अंदाज धरून २०२३ मध्ये बेबीएलएम नावाची स्पर्धा सुरू झाली: १० कोटी, किंवा फक्त १ कोटी शब्दांत मॉडेल शिकवून दाखवा. मराठीसाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये २ कोटी ४८ लाख वाक्यांचा महाकॉर्पस हा मजकुराचा संग्रह खुला केला. मूल मात्र शब्दांबरोबर चिंच बघतं, चाखतं, तोंड वाकडं करतं. त्याच्या थोड्या शब्दांना जगाचा आधार असतो.

मशीनची परीक्षा घ्या

आता फोन घ्या. प्रत्येक प्रश्नासाठी नवं संभाषण उघडा, नाहीतर आधीच्या उत्तराची सावली पुढच्यावर पडते. 'हे वाक्य बरोबर आहे का?' असं विचारू नका. तसं विचारलं की मशीन पुस्तकी समजूत देतं. वाक्य अर्धं द्या आणि एका शब्दात पुरं करायला सांगा:

चिंच सीमाने दुपारचा चहा झाल्यावर...

'खाल्ली' आलं तर मशीनने लांबची चिंच धरली. 'खाल्ला' आलं तर ते शेजारच्या 'चहा'ला फसलं. मग फिरवा: 'आंबा सीमाने दुपारची भाजी चिरून झाल्यावर...' पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी कर्मं सारख्याच संख्येने घ्या. हे पथ्य नवशिके हमखास विसरतात. सगळी कर्मं पुल्लिंगी असली तर डोळे मिटून 'खाल्ला' म्हणणारं यंत्रही पहिल्या नंबराने पास होईल.

यानंतर झिमरा, लुपी आणि टुमकं. मुलाला विचारलेलेच प्रश्न जसेच्या तसे. मग 'विसरणे', 'शिकणे'. 'मी बाई आहे. काल बाजारात मी पिशवी...' यापुढे 'विसरले' यायला हवं. 'पिशवी विसरली' आलं तर त्याने साचा अपवादावर लावला, 'करलं' म्हणणाऱ्या मुलासारखाच. पण जोडीला हेही तपासा की 'मी पुरुष आहे' म्हटल्यावर उत्तर 'विसरलो' असं बदलतं का.

सगळ्यात शेवटी मशीनला नियम विचारा. ते कर्मणी प्रयोगाची व्याख्या बहुधा झकास सांगेल. मुलाला व्याख्या सांगता येणार नाही. पण व्याख्या सांगणं आणि लुपी बरोबर 'उचलणं' ही दोन वेगळी कामं आहेत, म्हणून वहीत त्यांचे दोन वेगळे रकाने करा.

कोंकणीची फेरी

ही फेरी गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला सहज करता येणार नाही. मराठीत 'मी येतो' आणि 'मी काम केलं' यांत 'मी' एकच. कोंकणीत 'हांव येतां', पण 'हांवें काम केलें'. कर्त्याचं रूपच बदलतं. 'मी आंबा आणला' हे 'हांवें आंबो हाडलो' होतं. म्हणजे मराठीत 'मी'वर न दिसणारी खूण कोंकणी उघड दाखवते.

गूगल ट्रान्सलेटमध्ये कोंकणी मे २०२२ मध्ये आली, ती भाषांतराच्या जोड्या न वापरता, निव्वळ एकभाषी मजकुरावर शिकवून. अशा ठिकाणी शेजारच्या मोठ्या भाषेची रूपं घुसतात का हे बघण्यासारखं आहे. मशीनकडून 'हांव काम केलं' छापाचं अर्धवट वाक्य येतं का, 'आंबो'चा 'आंबा' होतो का, ते नोंदवा. तपासायला कोंकणी बोलणारं माणूस शेजारी बसवा, आपल्या मराठी कानावर भिस्त ठेवू नका. रोमी लिपीतली कोंकणी देऊन बघितलीत तर वेगळा रकाना करा. बोलणाऱ्याला ती एकच भाषा. मशीनला मात्र अक्षरापासून सगळं निराळं.

वही कशी ठेवायची

रकाने असे: वाक्य, कुणाला विचारलं (मोठं माणूस, मूल, मशीन), घरची भाषा, आलेलं उत्तर जसंच्या तसं, तारीख. मशीनच्या नोंदीत ॲपचं नाव आणि आवृत्तीही, कारण महिन्याभरात उत्तर बदलू शकतं. उत्तर बरोबर की चूक हा रकाना शेवटी ठेवा आणि तो दुसऱ्याच दिवशी भरा. मूल असो की मशीन, नोंद करतानाच निकाल लावायला बसलं की पेन आपल्या मताकडे झुकतं.

संदर्भ लागले तर पणजीत पाट्टोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. मराठी आणि कोंकणी दोन्ही व्याकरणांची चौकशी तिथे करा. दामल्यांचं व्याकरण मिळालं तर पहिल्यापासून वाचत बसू नका, प्रयोगविचाराचं प्रकरण काढा आणि तुमच्या वहीतली 'विसरणे', 'शिकणे'ची वाक्यं त्याच्याशी ताडून बघा. त्या जातीची आणखी क्रियापदं हाती लागतील. पुढच्या खेपेला मुलापुढे आणि मशीनपुढे तीच ठेवा.